तंबोरा सारखा उतरतो? खुंटी बदलण्याआधी हे बघून घ्या

‘खुंटी गेलीये, नवी बसवून द्या.’ तंबोरा माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा हे निदान सोबत घेऊनच. मी कारागीर नव्हे. गायनवर्गांचे, छोट्या मंडळांचे आणि ओळखीपाळखीतले तंबोरे चालते ठेवायचे, एवढंच माझं काम. त्यातून झालेलं मत असं, की उतरणाऱ्या तंबोऱ्यांपैकी पुष्कळांत खुंटीचा काडीचाही दोष नसतो. आणि एकदा चांगली खुंटी काढून भलती बसवली, की भोक बिघडतं. मग मात्र खरोखरच कारागिराचं काम होऊन बसतं.

म्हणून आधी लक्षणं. तुमच्या तंबोऱ्याला यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा:

- तार जुळवली, हात काढला, आणि खुंटी कर्रकन उलटी फिरली.
- जुळवताना सगळं ठीक, पण गाणं सुरू झालं की एकच तार उतरते. दर वेळी तीच.
- रात्री जुळवून ठेवला, सकाळी चारही तारा उतरलेल्या. किंवा चारही चढलेल्या.
- खुंटी फिरवत राहिलं तरी स्वर जागचा हलत नाही, मग ‘टक्’ होऊन एकदम उडी मारतो.
- खुंटी दगडासारखी घट्ट, फिरतच नाही. पावसाळ्यात हमखास.
- मोबाइलमधला ट्यूनर म्हणतो सूर बरोबर, कान म्हणतो नाही. गुंजन गेलेलं.
- खुंटी वर्षागणिक आत आत चालली आहे, डोकं दांडीला टेकायला आलं आहे.

यात खुंटीवर सरळ संशय घ्यावा अशी लक्षणं दोनच: पहिलं आणि शेवटचं. दुसऱ्यात खुंटी असेलही, नसेलही. तार आपोआप चढत असेल तर खुंटी निर्दोष आहे हे तिथल्या तिथे समजा, कारण खुंटी घसरली तर तार सैलच पडणार, ती ताणली जायचं काही कारण नाही.

किती घसरलं म्हणजे किती उतरलं

जेंट्स तंबोरा काळी एकला लावलेला, घोडीपासून (भोपळ्यावरचा, तारा टेकतात तो पूल) अटीपर्यंत (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) तार साधारण मीटरभर, असं धरून ढोबळ हिशोब केला, तर जोडीची (मधल्या दोन, षड्जाच्या तारांपैकी) पोलादी तार सुरात येईपर्यंत लंगोटापासून (भोपळ्याच्या तळाशी तारा अडकवतात तिथून) खुंटीपर्यंत मिळून जेमतेम चार मिलिमीटर ताणली जाते. त्यातलं अर्धा मिलिमीटर सुटलं की स्वर हार्मोनियमच्या एका पट्टीने खाली येतो, म्हणजे काळी एकची जोड पांढरी एकला. खर्जाची (शेवटची, खालच्या षड्जाची) पितळी तार जाडजूड आणि ढिली दिसते म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. खरं तर ती जास्त नाजूक. तिचा एकूण ताणच दोनेक मिलिमीटरचा, त्यामुळे पाव मिलिमीटरने ती पट्टीभर उतरते.

हे आकडे द्यायचं कारण एवढंच, की अर्धा मिलिमीटर खुंटीवरच सुटायला हवा असं नाही. लंगोटाच्या फासात सुटू शकतो, खुंटीवरच्या वेढ्यांत सुटू शकतो, मणी (घोडी आणि लंगोट यांच्यामध्ये तारेत ओवलेला) सरकून सुटू शकतो. कुठे सुटला हे न बघता खुंटीवर आळ घेणं बरोबर नाही.

पहिली तपासणी: पेन्सिल आणि मोबाइल

खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तपासणी हीच. तंबोरा नीट जुळवा. मग ज्या तारेवर संशय आहे तिच्या खुंटीच्या डोक्यावर पेन्सिलने एक सरळ रेघ ओढा, दांडीच्या लांबीला समांतर. रेघ डोक्याच्या कडेपर्यंत न्या. खुंटीचा दांडा जेमतेम बोटाएवढा, तिथे अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसणार नाही. डोकं त्याच्या तिपटीएवढं रुंद असलं तर तीच हालचाल कडेवर दीड मिलिमीटरची दिसते. दुसरी खूण तारेवर करा: तारगहनच्या (अटी आणि खुंट्या यांच्यामधली छिद्रांची पट्टी) छिद्रातून तार बाहेर येते बरोबर तिथे बारीक मार्करचा किंवा नेलपॉलिशचा ठिपका. दोन्हींचा जवळून फोटो काढा, आणि मोबाइल कुठे धरला होता ते लक्षात ठेवा. आता तंबोरा नेहमीच्या जागी ठेवून द्या. तार उतरली की पुन्हा तसाच फोटो.

रेघ वाकडी झालेली दिसली तर खुंटी फिरली. गुन्हेगार सापडला, सरळ खुंटीच्या भागाकडे जा. रेघ जागच्या जागी, पण तारेवरचा ठिपका घोडीच्या दिशेने सरकलेला असेल, तर खुंटी धरून आहे, तिच्यावरचे वेढे बसताहेत किंवा तार छिद्रातून निसटते आहे. रेघ आणि ठिपका दोन्ही जिथल्या तिथे आणि तरी स्वर खाली? मग दोष घोडीच्या पलीकडे आहे (मणी, लंगोट), नाहीतर हवेत, नाहीतर तंबोऱ्याच्या अंगात.

तार किंचितच उतरली असेल तर ठिपक्याची हालचाल दिसायची नाही. अशा वेळी घाई करू नका, रात्रभर ठेवून सकाळी बघा.

मणी

मणी लंगोटाकडे ढकलला की तार चढते, घोडीकडे आणला की उतरते. हे सगळ्यांना माहीत असतं. होतं काय, की खुंटीला हात लावायची भीती वाटते म्हणून शिकणारी मंडळी महिनोन्‌महिने मण्यांवरच भागवतात. मणी लंगोटाच्या टोकापर्यंत जाऊन पोचतो. तिथे तार तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या) इतकी जवळ असते की मणी पाचरीसारखा अडकतो, आणि गाताना तबली थरथरली की कुरकुरत मागे सरकतो. तार उतरली, आणि नाव खुंटीचं.

चारही मणी आधी मधोमध आणा, मग खुंटीने जुळवा, मण्याने फक्त शेवटचा केसभर फरक काढा. मण्याच्या भोकात तारेने चर पाडला असेल किंवा मणी खालून गुळगुळीत होऊन तबलीच्या पॉलिशवर घसरत असेल, तर नवे मणी घाला. वाद्याच्या दुकानातली ही सगळ्यांत स्वस्त वस्तू असावी. तार ढिली केल्याशिवाय मणी निघत नाही, म्हणून हे काम पुढे तारा बदलाल तेव्हा एकदमच करा.

वेढे आणि फास

खुंटीवर तार एकावर एक गुंडाळलेली असेल, म्हणजे लोकरीचा गुंडा व्हावा तशी, तर वरचे वेढे खालच्यांत हळूहळू रुतत जातात. रोज थोडे. तीन ते चार वेढे, शेजारीशेजारी, पुरेत. ते दांडीच्या जवळ हवेत, कारण तार जितकी दांडीपासून लांब तितकी ती खुंटीला जास्त कलवते; पण दांडीला घासून कोंबलेलेही नकोत, नाहीतर तेच वेढे खुंटीला बाहेर रेटतात. तारेचं टोक छिद्रातून ओवून पहिल्या वेढ्याखाली दाबलेलं असावं.

लंगोटाकडचा फास म्हणजे तारेला दिलेला पीळ. पीळ नीट घट्ट न देता नुसता गुंडाळलेला असेल तर तो सुटत जातो. नवी तार पहिले दोनतीन दिवस उतरणारच, पितळी जरा जास्तच, हे धरून चाला. आठवडा उलटूनही तीच तार उतरतेय, रेघ आणि ठिपका दोन्ही स्थिर, तर फास उलगडून बघा. लंगोट स्वतःच उचलला गेला असेल तर मात्र तिथेच थांबा. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

दोरा

ट्यूनर आणि कान यांचं भांडण असेल तर दोष बहुधा जवारीच्या दोऱ्यात, म्हणजे गुंजन येण्यासाठी घोडीवर तारेखाली घातलेल्या दोऱ्यात. सुती दोऱ्यावर तारेचा चर पडतो, दोरा चपटा होतो, त्यात धूळ बसते. दोरा किंचित पुढेमागे करून गुंजन परत येतंय का बघा; नाही आलं तर नवा दोरा घाला. पाच मिनिटांचं काम. दोरा बदलूनही सूर कोरडाच राहिला तर घोडीवर चर पडलेत आणि जवारी काढायला, म्हणजे घोडीचा माथा पुन्हा घासून घ्यायला झाली आहे. ते आपलं काम नाही. कानस हातात घ्यायचा मोह होतो, पण घोडीचा तो उतार डोळ्याला दिसत नाही इतका सूक्ष्म असतो, आणि जास्तीचा घासला गेलेला भाग परत चिकटवता येत नाही.

अटी

‘टक्’ होऊन उडी मारणारा स्वर. अटीवरच्या खाचेत तार अडकते, खुंटी आणि अटी यांच्या मधल्या तुकड्यात ताण साठतो, मग एकदम सुटतो. गाता गाता, कुणी हातही लावलेला नसताना सुटला, की वाटतं खुंटी घसरली. तार ढिली करून बाजूला उचला, खाचेत मऊ पेन्सिलीचं टोक चारदोनदा फिरवा, तार परत बसवा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट हे इथलं वंगण. तेल नको, ते लाकडात आणि हाडात मुरतं, धूळ धरतं, महिन्याभरात त्याचा चिखल होतो. तारगहनच्या छिद्रांनाही हाच उपाय. खाच इतकी खोल असेल की तार तिच्यात बुडून दिसेनाशी होते, तर पेन्सिलीने काही दिवस भागेल, पण अटी बदलावी लागणार हे मनाशी धरा.

हवा

चारही तारा एकाच दिशेने सरकल्या असतील तर चार खुंट्या एका रात्रीत ठरवून घसरल्या असं होत नाही. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, आणि मघाशी म्हटलं तसं खर्जाचा एकूण ताणही कमी. नुसत्या तापमानाचा हिशोब धरला तर दहा अंश सेल्सिअसच्या फरकाने खर्ज पाऊण पट्टीच्या आसपास हलतो, आणि जोड जेमतेम पाव पट्टी. म्हणूनच ग्रीन रूमच्या एसीत जुळवलेला तंबोरा रंगमंचावर दिव्यांखाली आला की आधी खर्ज ढासळतो. यावर दुरुस्ती नाही. तंबोरा अर्धा तास आधी जिथे वाजायचाय तिथे नेऊन ठेवायचा, जुळवायचा शेवटी, इतकंच.

दमट हवेची गोष्ट निराळी. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये खुंट्या अडकतात आणि मार्चपासून त्याच खुंट्या सैल पडतात, ती याच कारणाने. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नका. डोकं मानेशी पिरगळून हातात येतं. तंबोरा दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. उन्हात नाही, सांधे सुटतात. मग त्याच तारेचा ताण लक्षात ठेवून आधी बाहेर ओढत, मग फिरवत सोडवा. निघाली की कोरड्या साबणाची वडी दांड्यावर एकदा फिरवा, वरून खडू. साबण नावापुरताच.

परदेशी नेलेल्या तंबोऱ्यांना उलटा त्रास होतो. अमेरिकेच्या उत्तर भागात थंडीत घराचं हीटिंग चालू झालं की हवा ठणठणीत कोरडी पडते, सगळ्या खुंट्या एकदम सैल होतात, पुढे भोपळ्यालाही तडा जाऊ शकतो. तिथे खुंट्या बदलत बसण्यापेक्षा खोलीत ह्युमिडिफायर ठेवून आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांत राखणं हाच इलाज. थंडीत जाड खुंट्या बसवून घेतल्या तर पुढच्या उन्हाळ्यात त्या फुगून भोकालाच चिरतील.

आता खुंटी

रेघ वाकडी झालीये, म्हणजे खुंटी खरंच फिरते आहे. तरी बदलायची घाई नको. आधी बसवण्याची पद्धत बघा. पुष्कळ जण खुंटी नुसती फिरवतात. ती आत दाबत फिरवायची असते. दुसऱ्या हाताचा आधार दांडीला समोरच्या बाजूने द्यायचा, नाहीतर सगळा दाब दांडीवर आणि गळ्याच्या सांध्यावर जातो. स्वर खालून वर आणत थांबायचं. वर निघून गेला तर पुरता खाली उतरवून पुन्हा वर यायचं. वरून अलगद खाली आणून सोडलं तर अटीच्या खाचेत थोडा ताण अडकून राहतो आणि पाच मिनिटांनी तो आपला हिशोब चुकता करतो. हातोडी, वरवंटा, बत्ता यांतलं काहीही खुंटीच्या डोक्यावर मारायचं नाही.

मग खडू. साधा पांढरा, शाळेतला. रंगीत नको, डाग पडतात. तार ढिली करून खुंटी बाहेर काढा, सुक्या सुती फडक्याने पुसा, जिथे जिथे ती लाकडाला टेकते तिथे खडूचा एक पातळ थर द्या, परत बसवून दोनचार फेरे फिरवा. खडूने खडबडीतपणा येतो, आणि खुंटीवर जमलेला जुन्या साबणाचा, घामाचा, पॉलिशचा थर सुकतो. थोडाच लावा, खडूची भुकटी भोकात साठली की तीच हळूहळू लाकूड झिजवते. राळ लावायचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. राळ धरते खरी, पण मग खुंटी झटक्याझटक्याने हलते, बारीक जुळवणी होत नाही. गोंद, मेण, कागदाची पट्टी हे सगळं टाळा. कागदाची पट्टी एका बैठकीपुरती चालेल, कार्यक्रम अंगावर आला असेल तर. दुसऱ्या दिवशी काढा, कारण पट्टीमुळे खुंटी एका अंगाला टेकून राहते आणि भोक लंबगोल होत जातं.

खुंटी बाहेर आहे तोवर ती उजेडात निरखून बघा. टेकण्याच्या जागी चकचकीत पट्टा दिसेल. तो सगळीकडून सारखा असेल तर खुंटी आणि भोक यांचं अजून जमतंय. पट्टा समोरासमोरच्या दोनच बाजूंना असेल, मध्ये लाकूड कोरं, तर खुंटी लंबगोल झाली आहे. लाकूड वर्तुळी कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच कड्यांना आडवं आकसतं. त्यामुळे गोल खरादलेली खुंटी वर्षांनुवर्षं सुकत जाताना चपटी होत जाते. दांडीतलं भोकही आपल्या परीने तसंच होतं, कारण दांडीचं लाकूड लांबीत हलत नाही, आडवं हलतं. लंबगोल भोकात लंबगोल खुंटी म्हटल्यावर पाव फेऱ्यात ती धरते आणि पुढच्या पाव फेऱ्यात सोडते. ‘या स्वराला धरते, त्या स्वराला नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी हाच पट्टा बघतो.

पहिल्या तारेची खुंटी बाकीच्या तिघींच्या आधी जाते, यात नवल नाही. मालकंसाला ती मध्यमावर, मारव्या-पुरियाला निषादावर, परत पंचमावर. जोड आणि खर्ज एकदा लागले की केसभर हलतात, हिचे मात्र रोज फेरे. शिवाय पंचमावरून निषादावर नेलं की तारेवरचा ताण दीडपटीच्याही वर जातो, सगळा भार त्याच खुंटीवर. वर्गात मारवा शिकवायला घेतला की पंधरा दिवसांत ‘खुंटी धरत नाही’ अशी तक्रार येते ती त्यामुळे. तिथे बहुतेकदा खडूने काम भागतं.

बदलायलाच हवी अशी खूण कोणती? डोकं दांडीला टेकलं, किंवा तार ओवायचं छिद्र आत जाऊन दांडीच्या भिंतीशी भिडलं, म्हणजे खुंटीचा उतारच (टोकाकडे निमुळती होत जाणारी जाडी) संपला. आता कितीही दाबली तरी ती घट्ट होणार नाही. दुसरी खूण लंबगोल पट्टा, तिसरी दांड्याला उभी चीर. यांतलं काही नसेल तर खुंटी राहू द्या.

नवी खुंटी बसवताना

व्हायोलिनच्या खुंटीचा उतार जगभर ठरलेला आहे, तीस मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर, आणि तेवढ्याच उताराचा रिमर (भोक कोरायचं हत्यार) विकत मिळतो. आपल्या तंबोऱ्याचं तसं नाही. कारागिराने त्या त्या भोकाला ती ती खुंटी हाताने लावलेली असते. एकाच तंबोऱ्याच्या चार खुंट्यांची अदलाबदल केली तरी बसत नाहीत, मग दुकानातून तयार आणलेली सरळ कशी बसेल? जवळच्या सुताराकडून लेथवर काढून घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. सरळ गोल दांडा भोकाच्या तोंडाशीच टेकतो, आत अधांतरी राहतो, आणि दाबला की तोंडाशी चीर पाडतो.

भोक गोल आणि निरोगी असेल, तरच स्वतः करा. खुंटी मुरलेल्या शिसवाची, जुनीपेक्षा किंचित जाड अशी घ्या. ओल्या लाकडाची असेल तर उन्हाळ्यात आकसून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एका वेळी एकच तार ढिली करायची. घोडी तारांच्याच दाबाने उभी असते. चारही सोडल्या तर ती सरकते आणि जवारीची जागा हरवते. तरी खबरदारी म्हणून घोडीच्या पायांभोवती बारीक पेन्सिलीने खूण करून ठेवा, तारेखाली तबलीवर मऊ फडकं अंथरा. जुनी खुंटी निघाली की भोक सुक्या फडक्याने पुसा. भोकाच्या आत पॉलिश पेपर घालायचा नाही. घासायची ती खुंटी.

नव्या खुंटीच्या दांड्यावर मऊ पेन्सिल गिरवून ती काळपट करा. भोकात हलक्या दाबाने घाला, दोन फेरे, बाहेर काढा. जिथे पेन्सिल पुसून लाकूड चमकतंय ते उंचवटे. तेवढेच २२० नंबरच्या कागदाने घासा, खुंटी फिरवत, कागद तिच्याभोवती गुंडाळून. पुन्हा पेन्सिल, पुन्हा भोक. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला दुसरा रस्ता नाही. चमक सगळीकडून सारखी दिसायला लागली की ४०० नंबरचा एक हात द्या आणि थांबा. डोकं शेजारच्या खुंट्यांपेक्षा थोडं वरच राहू द्या, पहिल्या काही आठवड्यांत ते खाली बसतंच. अगदी बरोबरीला आणून ठेवलं तर वर्षभरात टेकेल.

तारेचं छिद्र पाडायचं ते खुंटी अशी पुरती बसल्यावर, वेढे कुठे येणार ते बघून. छिद्राच्या कडा कागदाने गोल करा. धारदार कडेवर पोलादी तार दुमडून तुटते. मग खडू, मग तार. तार जुनी, गंजकी, घोडीच्या जागी चपटी झालेली असेल तर याच वेळी बदला, त्याच नंबरची. जाड तार घातली की जास्त ताण लागतो आणि नव्या खुंटीची परीक्षा पहिल्याच दिवशी.

गिटारसारख्या गिअरच्या खुंट्या बसवाव्यात का, असं हल्ली विचारतात. त्या घसरत नाहीत हे खरं. बटण फिरवलं की आतला स्क्रू चक्र फिरवतो, पण चक्राला स्क्रू उलटा फिरवता येत नाही, मग तारेने कितीही ओढलं तरी फरक पडत नाही. प्रवासाच्या बॉक्स तंबोऱ्याला जरूर बसवा. चांगल्या जुन्या तंबोऱ्याला माझं मत नाही. त्यासाठी दांडीला नवी भोकं पाडावी लागतात, मोकळ्या टोकाला वजन वाढतं, आणि मन बदललं तर परतीची वाट नाही.

इथे हात आवरा

बॅटरीच्या उजेडात खुंटीच्या भोकाभोवती बघा. भोकातून दांडीच्या लांबीने निघालेली केसासारखी चीर दिसली तर खुंटी परत दाबू नका. प्रत्येक दाबाला ती चीर पुढे सरकते. चारही तारा दोनतीन स्वर उतरवून ठेवा आणि तंबोरा कारागिराकडे न्या.

भोक लंबगोल असेल किंवा तोंडाशी फाकलेलं असेल, तरही थांबा. त्यात लाकडी बूच बसवून, ते मुरू देऊन, पुन्हा उताराचं भोक पाडावं लागतं. बूच तिरकं बसलं तर खुंटी कायमची तिरकी.

पेन्सिलची रेघ आणि ठिपका दोन्ही स्थिर, मणी ठीक, फास ठीक, हवा तीच, आणि तरी तंबोरा रोज उतरतो, तर अंगात शोधा. गळ्याच्या सांध्यावर बोट फिरवून फट लागते का. लंगोटाचे खिळे उचलले गेलेत का. घोडीखाली तबली खचली आहे का (सरळ पट्टी आडवी ठेवली की दिसतं). दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं तर ती तारांकडे वाकलेली दिसते का. यांतलं एकही ‘हो’ आलं तर तारा उतरवा. चारही तारांचा ताण त्या सांध्यावर अष्टौप्रहर असतो. चिकटवून बघू, म्हणून वरून ओतलेला गोंद नंतर कारागिराला खरवडून काढावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

नेण्यासारखं ठिकाण म्हणजे अर्थातच मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचं काम सुरू केलं, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही सतारमेकर म्हणून तेच करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पुण्यामुंबईतही चांगले हात आहेत. कुठेही न्या, पण खुंटी एकटी कुरिअरने पाठवून ‘अशीच एक करून द्या’ म्हणू नका. झिजलेल्या खुंटीच्या मापाने झिजलेलीच खुंटी मिळेल. भोक बघितल्याशिवाय कुणालाही माप घेता येत नाही. अख्खा तंबोरा न्या, रेघ-ठिपक्याचे फोटो दाखवा, कुठली तार, किती वेळात, किती उतरते ते सांगा, आणि कुठल्या पट्टीत लावता तेही. काळी चारला लावणाऱ्या बाईंचा तंबोरा आणि काळी एकचा तंबोरा यांना तारांचे नंबर वेगळे लागतात. कारागीर नवी खुंटी त्याच ताणाखाली पारखून देतो.

नेताना तारा दोनतीन स्वर उतरवा, पण पूर्ण सोडू नका. घोडीच्या दोन्ही बाजूंना फडक्याच्या घड्या घालून वरून सैलसर पट्टी बांधा. मणी मोजून घ्या. आणि एसटीत किंवा रेल्वेत तंबोरा आडवा ठेवायची वेळ आली तर खुंट्यांवर सामान येणार नाही अशी जागा बघा, कारण बाजूच्या खुंटीवर एक बॅग पडली तरी भोकाची कड निघते.